काडतुसाला चरबी हवीच कशाला होती? बंदुकीच्या नळीतील किटणाची कथा

१/ १८५७चा विषय निघाला की चरबीच्या काडतुसांचा उल्लेख येतोच. ती चरबी गाईची होती की डुकराची, यावर दीडशेहून अधिक वर्षे लिहिले जात आहे. पण त्याआधीचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. काडतुसाला मुळात चरबी हवीच कशाला होती? बंदूक म्हणजे काही बैलगाडीचा आस नव्हे, की वंगणावाचून करकरेल. उत्तर सापडते ते नळीच्या आत, बार उडाल्यावर मागे राहणाऱ्या काळ्या किटणात. आजचा धागा त्या किटणाचा, त्यातून धरणाऱ्या गंजाचा आणि त्यांच्याशी शिपायाने शतकानुशतके केलेल्या झटापटीचा आहे.

२/ जुनी काळी दारू तीन पदार्थांची: शोरा, कोळसा आणि गंधक. युरोपात स्थिरावलेले प्रमाण साधारण ७५, १५ आणि १०. ही दारू जळून सगळी धूर होऊन जाते, अशी आपली समजूत असते. १८७०च्या दशकात अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी बंद पोलादी पात्रात दारू जाळून अवशेषांचे वजन केले. तिच्या वजनाच्या अवघ्या ४३ टक्क्यांच्या आसपास वायू बनतो, असे त्यांना आढळले. उरलेले सुमारे ५७ टक्के घन पदार्थच राहतात. एन्फील्ड रायफलीच्या एका बाराला अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम दारू लागे. त्यातून अडीच ग्रॅम राख आणि क्षार निर्माण होत. काही धुरासोबत बाहेर पडत, बाकीचे नळीच्या भिंतीला चिकटत.

३/ हे किटण म्हणजे नुसती काजळी नव्हे. त्यात प्रामुख्याने पोटॅशियमची संयुगे असतात: कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. यातले कार्बोनेट विलक्षण पाणीओढे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४३-४४ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले बाष्प शोषून स्वतःच विरघळू लागते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. म्हणजे संध्याकाळी कोरडी वाटलेली नळी सकाळपर्यंत आतून ओली झालेली असायची. वरून पाणी पडण्याची गरजच नव्हती.

४/ इथे एक बारकावा आहे. पोटॅशियम कार्बोनेट क्षारधर्मी असल्याने स्वतः लोखंडाला फारसे खात नाही. ते पाणी खेचून आणते आणि त्या पाण्यात गंधकाची संयुगे आपले काम करतात. शोरा अशुद्ध असेल तर त्यात साधे मीठही असते, आणि मीठ व लोखंड यांचे वैर तर प्रत्येक कोळ्याला ठाऊक आहे. बिहारच्या मातीतून निघणारा कच्चा शोरा असाच मीठमिश्रित असे. तो उकळत्या पाण्यात विरघळवून थंड करीत. शोऱ्याची विद्राव्यता थंडीत झपाट्याने घटते, मिठाची जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून शोऱ्याचे स्फटिक खाली बसत आणि मीठ पाण्यातच उरे. हे शुद्धीकरण नीट झाले नाही तर दारू सर्दावत असे आणि बंदूकही लवकर गंजत असे.

५/ मराठी फौजा पावसाळा छावणीत काढून दसऱ्याला सीमोल्लंघन करीत, आणि त्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रपूजन होई. या पूजेचा उगम गंजात आहे असे म्हणण्याचा मोह टाळावा, कारण परंपरा एवढ्या सरळ कारणाने जन्मत नसतात. परंतु चार महिने ओल खाल्लेली हत्यारे मोहिमेच्या तोंडावर बाहेर निघून घासली-पुसली जाणे हे सैन्याच्या दृष्टीने फार सोयीचे होते, एवढे नक्की.

६/ आता मुख्य प्रश्न: हे किटण काढावे कसे? आजच्या माणसाच्या मनात प्रथम तेल येते. तेल इथे कुचकामी आहे, किंबहुना घातक आहे. क्षार तेलात विरघळत नाहीत. तेलाचा थर त्यांच्यावर चढतो, ते खाली सुरक्षित राहतात आणि नळी वरून चकचकीत दिसत असताना आतून कुरतडली जाते. लोखंडाचा शत्रू असलेले पाणीच येथे त्याचे औषध ठरते.

७/ ठासणीच्या बंदुकीची सफाई अशी चाले. कळ, म्हणजे चाप-घोड्याची यंत्रणा, आधी काढून बाजूला ठेवायची, कारण तिच्यात पाणी शिरलेले परवडत नाही. मग नळीत पाणी ओतायचे, शक्यतो उकळते. गजाला चिंधी किंवा सणाचा पुंजका गुंडाळून तो खाली-वर करायचा. पहिले पाणी शाईसारखे काळे निघते आणि त्याला सडलेल्या अंड्यांचा वास येतो. तो गंधकाच्या संयुगांचा. पाणी नितळ येईपर्यंत हे पुन्हापुन्हा करायचे. उकळत्या पाण्याचा दुसरा लाभ असा की नळी इतकी तापते की आतला ओलावा आपोआप उडून जातो. त्यानंतर कोरडी चिंधी आणि सर्वांत शेवटी तेलाचा किंवा चरबीचा पातळ हात. तेलाची जागा ही अशी सर्वांत शेवटची. जाणता शिपाई दुसऱ्या दिवशी पुन्हा एक स्वच्छ चिंधी आत फिरवून पाही. ती तांबूस निघाली तर सारे पुन्हा पहिल्यापासून.

८/ युद्धभूमीवर उकळते पाणी कोठून येणार? तिथे थंड पाण्यावर भागवावे लागे, आणि तेही नसेल तेव्हा मूत्राने नळी विसळल्याचे उल्लेख सैनिकी आठवणींत येतात. किळस वाटेल, पण रसायनदृष्ट्या त्यात चूक नाही. क्षार विरघळायला द्रव हवा होता. मात्र मूत्रातही क्षार असतातच, म्हणून पुढे खरे पाणी मिळताच पुन्हा धुणे आलेच.

९/ नळीखेरीज एक नाजूक जागा होती. बंदुकीच्या वा तोफेच्या बत्तीच्या छिद्राला मराठीत ‘कान’ म्हणत. त्यातून रंजकाची आग आतल्या दारूपर्यंत पोहोचे. किटणाने कान बुजला की बाहेर रंजक भपकन उडे आणि आत काहीच होत नसे. ‘फुसका बार’ समोर शत्रू असताना प्राणांवर बेतणारा. म्हणून भारतीय तोड्याच्या बंदुकांवर दस्त्याला साखळीने बांधलेली एक बारीक सळई पुष्कळदा दिसते. संग्रहालयात ती दागिन्यासारखी वाटते. ती कान कोरण्यासाठी आहे.

१०/ तोफेचे तर याहून गंभीर. तिच्या नळीत जळते कण उरत आणि त्यांवर नवी थैली ठासली तर ती गोलंदाजाच्या हातातच पेटे. म्हणून प्रत्येक बारानंतर ओला कुंचा आत फिरवीत, आणि त्या वेळी एक जण कातडी वेष्टन घातलेल्या अंगठ्याने कान दाबून धरी, म्हणजे वाऱ्याने निखारे फुलू नयेत.

११/ बाहेरून चढणाऱ्या गंजाचा मामला वेगळा. ब्रिटिश पायदळात बराच काळ नळ्या चकचकीत ठेवण्याचा आग्रह होता. शिपाई विटेची भुकटी आणि तेल घेऊन तासन्‌तास घाशीत बसे. संचलनात ओळ झळके खरी, पण प्रत्येक घासणीबरोबर लोखंडाचा थर कमी होई. उलट १८०० साली आलेल्या बेकर रायफलीची नळी तपकिरी होती. हा रंग कसला? तो गंजच! रसायन लावून नळीवर हलका गंज चढवायचा, तो घासून काढायचा, पुन्हा चढवायचा आणि अखेर उकळत्या पाण्याने प्रक्रिया थांबवून तेल द्यायचे. असा ताब्यात ठेवलेला गंजाचा दाट थर खालच्या लोखंडाला पुढील गंजापासून बऱ्याच अंशी वाचवतो, आणि उन्हात चमकून शत्रूला ठिकाणही कळवत नाही. कवायतीच्या डौलासाठी नळ्या झिजवणाऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा हे तपकिरीकरण करणारे कारागीर शहाणे होते, असे माझे मत.

१२/ आता काडतुसाकडे वळू. जुन्या ‘ब्राउन बेस’ मस्केटच्या नळीचा व्यास ०.७५ इंच आणि गोळीचा सुमारे ०.६९ इंच. म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटरची फट! गोळी नळीत गडगडत जाई आणि शंभर पावलांपलीकडे तिचा नेम देवाच्या हाती. ही कारागिराची ढिलाई नव्हती. फट मुद्दाम ठेवलेली होती. किटणाचे थर चढत गेले तरी विसावी-पंचविसावी गोळी आत जावी, यासाठी अचूकतेचा बळी दिलेला होता.

१३/ रायफलीत ही सवलत नाही. तिच्या नळीत आटे असतात आणि गोळी त्यांना घट्ट भिडली तरच ती फिरत सरळ जाते. बेकर रायफलधारकांना सुरुवातीला गोळी ठोकून आत घालण्यासाठी लाकडी हातोडी दिलेली होती. वेग अर्थातच मंद. १८४९मध्ये फ्रान्सच्या क्लोद मिनिए यांनी यावर उपाय काढला. गोळी नळीपेक्षा किंचित लहान आणि बुडाशी पोकळ. बार उडताच बूड फुगते आणि आट्यांना भिडते. एन्फील्ड १८५३ याच तत्त्वावरची. तिची नळी ०.५७७ इंच, गोळी सुरुवातीला ०.५६८ इंच. फट उरली पाव मिलिमीटरहूनही कमी.

१४/ इथेच चरबीचा प्रवेश होतो. एवढ्या फटीत पाच-दहा बारांचे कोरडे किटण बसले तर पुढची गोळी अडलीच म्हणून समजा. त्यावर तोड अशी की गोळीभोवतीचा कागद चरबी आणि मेण यांच्या मिश्रणात बुडवायचा. प्रत्येक नवी गोळी आत जाताना आधीचे किटण मऊ करते, काहीसे पुसूनही नेते. म्हणजे हे वंगण प्रत्येक काडतुसासोबत बांधून दिलेली सफाईच होती.

१५/ ही वंगण लावलेली काडतुसे १८५३मध्येच भारतात आली होती. उद्देश युद्धाचा नव्हता. इथल्या हवेत वंगण टिकते का, वितळून कागदात आणि दारूत उतरते का, एवढेच पाहायचे होते. शिपायांनी ती पेट्यांत बाळगली आणि मग परत घेतली गेली. त्याच वर्षी ॲडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी लेखी इशारा दिला होता, की वंगण आक्षेपार्ह नाही याची खात्री झाल्याखेरीज ती देशी पलटणींना देऊ नयेत. उष्म्याची कसोटी काळजीपूर्वक घेतली गेली. श्रद्धेच्या कसोटीचा कागद मात्र दप्तरात पडून राहिला.

१६/ जानेवारी १८५७. कलकत्त्याजवळ डमडमला नव्या रायफलीचे शिक्षण सुरू होते. तिथल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातून पाणी मागितले, नकार मिळाला, आणि मग चरबीच्या काडतुसांचा टोमणा आला. ही कथा प्रसिद्ध आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट ही, की दाताने तोडायचे टोक दारूच्या बाजूचे होते आणि वंगण दुसऱ्या, गोळीच्या टोकाला. पण यावरून शिपायांची भीती खुळी ठरत नाही. उन्हाळ्यात चरबी कुठल्या टोकापर्यंत झिरपेल याचा भरवसा खुद्द लष्करालाही नव्हता. त्यासाठीच तर १८५३ची चाचणी झाली होती. आणि चरबी कोणत्या प्राण्याची असावी याची खबरदारी घेतली गेली नव्हती, हे पुढे अधिकाऱ्यांनीच मान्य केले.

१७/ जानेवारीअखेरीस सरकारने माघार घेतली. काडतुसे कोरडी देण्यात येतील, शिपायांनी तेल-मेण आणून स्वतः लावावे. पुढे दाताऐवजी हाताने तोडण्याचीही मुभा मिळाली. तोवर संशय चरबीवरून काडतुसाच्या गुळगुळीत कागदावर सरकला होता. २४ एप्रिलला मेरठच्या तिसऱ्या घोडदळाच्या ९० जवानांपैकी ८५ जणांनी काडतुसे नाकारली, ९ मे रोजी त्यांना बेड्या पडल्या आणि १० मे रोजी उठाव झाला. त्यांना देऊ केलेली काडतुसे जुन्या कार्बाइनची, वंगण नसलेली होती. उठावाची कारणे किटणाहून कितीतरी खोल होती. खालसा संस्थाने, भत्ते, अवध, धर्मांतराची धास्ती, हे सारे त्यात होते. परंतु ठिणगीचे रूप काय असावे, हे त्या पाव मिलिमीटरच्या फटीने ठरवले.

१८/ हीच अडचण अमेरिकेतही होती. तिथल्या यादवी युद्धात १८६२पासून ‘क्लीनर’ गोळ्या निघाल्या. त्यांच्या बुडाशी जस्ताची चकती बसवलेली असे. बार उडाला की ती सपाट होऊन नळी खरवडत बाहेर पडे. कल्पना नामी, पण तिच्या उपयोगाविषयी मतभेद राहिले आणि युद्ध संपण्याआधीच त्या बंद झाल्या.

१९/ १८८४मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू बनवली आणि १८८६च्या लेबेल रायफलीतून ती सैन्यात आली. घन अवशेष जवळजवळ नाहीसे झाले. आता गरम पाण्याचे झंझट संपले, असे अनेकांना वाटले. नळ्या तरीही गंजत राहिल्या, कधीकधी पूर्वीपेक्षाही लवकर! दोष टोपीचा होता. काडतूस पेटवणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, आणि ते जळून पोटॅशियम क्लोराइड बनते, म्हणजे मिठाचे सख्खे भावंड. पूर्वी ते काळ्या किटणाच्या ढिगात विखुरले जाई आणि पाण्याने त्याच्यासोबतच धुऊन जाई. आता शिपाई नळीत पाहतो तो स्वच्छ नळी दिसे, आणि तो नुसते तेल फिरवून मोकळा होई.

२०/ म्हणून ली-एन्फील्ड रायफलीच्या सफाईच्या सामानात, अगदी दुसऱ्या महायुद्धातही, उकळते पाणी ओतण्याचे नरसाळे होते. फैरी झाडून आलेला भारतीय जवान आधी पाणी, मग दस्त्यातल्या खणातून काढलेली वजनाची दोरी, तिला अडकवलेली कोरडी चिंधी आणि शेवटी तेल, याच क्रमाने काम करी. तुमच्यापैकी ज्यांनी एन.सी.सी.त पॉइंट टू-टू रायफल साफ केली असेल, त्यांना ती दोरी ‘पुलथ्रू’ म्हणून आणि तो कापडाचा तुकडा ‘चिंदी’ म्हणून ठाऊक असेल.