तागडीतले पथ्य

हल्ली मुंबई-पुण्याच्या दुकानांतून बदामाचे पीठ, खोबरेल तेल, चीज आणि फुलकोबी एवढीच यादी घेऊन आलेली आणि तांदूळ, गहू, साखर व बटाटा यांच्याकडे न वळताच परतणारी मंडळी दृष्टीस पडतात. ‘किटो’ या दोन अक्षरांनी ओळखले जाणारे हे पथ्य आज बहुतेक जण देह सडपातळ व्हावा म्हणून पाळतात. परंतु अशी यादी घेऊन प्रथम बाजारहाट करणाऱ्यांत फेफऱ्याने पछाडलेल्या मुलांच्या माता होत्या, आणि त्यांच्या टोपलीतील प्रत्येक जिन्नस औषध म्हणूनच घरी येत असे, याचे विस्मरण होऊ नये असे मला मनापासून वाटते.

लंघनाने आकडी थांबते, हा अनुभव पुरातन आहे. १९११ साली पॅरिसमधील गेल्पा आणि मारी या वैद्यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि पुढे अमेरिकेत बॅटल क्रीक येथील ह्यू कॉंकलिन यांनी मुलांना नुसत्या पाण्यावर ठेवून तोच इलाज चालविला. पण वाढत्या वयाच्या लेकराला उपाशी ठेवायचे तरी किती दिवस? या पेचातून वाट काढली ती मिनेसोटातील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी. उपवासात शरीर स्वतःची चरबी जाळते आणि त्यातून कीटोन द्रव्ये निर्माण होतात. तेव्हा पिष्ट जवळजवळ वर्ज्य करून स्निग्ध पदार्थ भरपूर दिले, तर उपवास न घडताही तीच अवस्था टिकेल, असा तर्क त्यांनी १९२१ साली मांडला आणि या आहाराला ‘कीटोजेनिक’ हे नावही त्यांनीच दिले.

तर्काचे रूपांतर व्यवहारात झाले ते मात्र स्वयंपाकघरात. मेयोतीलच पीटरमन यांनी १९२५ साली जे प्रमाण प्रसिद्ध केले, त्यानुसार मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम प्रथिन, दिवसभरात १० ते १५ ग्रॅम पिष्ट, आणि उरलेली सारी ऊर्जा स्निग्धांशातून द्यावयाची. पंधरा किलोच्या मुलाला १,२०० कॅलरी द्यावयाच्या असे धरले, तर प्रथिन १५ ग्रॅम, पिष्ट १५ ग्रॅम आणि स्निग्धांश १२० ग्रॅम, असा हिशेब होतो. म्हणजे दिवसाचे प्रथिन सुमारे अडीच अंड्यांत पुरे, आणि पिष्टाचा सारा वाटा पावाच्या एका कापातच खर्ची पडावा! म्हणून पाव यादीतून गेला, आणि घट्ट साय, लोणी, अंडी, डुकराचे खारवलेले मांस व कोबी-काकडीसारख्या अल्पशर्करा भाज्या तेवढ्या राहिल्या. ग्रॅमचा काटा हे या घरांतील खरे दैवत होते. ताटाच्या कडेला चिकटलेले लोणीसुद्धा बोटाने निपटून मुलाच्या मुखी घालावे लागे, कारण तोलून दिलेले सर्व पोटात गेले तरच हिशेब जुळणार. ज्या मातांनी हे दिवसातून तीन वेळा, वर्षानुवर्षे केले, त्यांची नावे कोणत्याही दप्तरी नाहीत.

१९३८ साली फेनिटॉइन हे औषध आले, आणि गोळीच्या सोयीपुढे तागडी मागे पडली. कित्येक दशकांनंतर चित्रपट-दिग्दर्शक जिम एब्रहॅम्स यांचा फेफऱ्याने आजारी असलेला लहानगा चार्ली औषधांनी बरा होईना, तेव्हा जॉन्स हॉपकिन्स येथे या जुन्या पथ्याने त्याला गुण आला. आणि १९९४ साली त्या पित्याने चार्लीच्या नावाने संस्था काढून या पथ्याचा प्रसार आरंभिला. पुढे २००८ साली लंडनमधील १४५ मुलांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पथ्यावरील ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले होते, पथ्य न दिलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते.

चरकाने अपस्मारावर पंचगव्य घृत सांगितले आहे, परंतु त्यावरून हे पथ्य आपलेच होते असे म्हणणे मला रुचत नाही. ते घृत औषधीसिद्ध होते, आहाराचे गणित त्यात नव्हते. आपल्याकडील अडचण निराळीच आहे. शाकाहारी घरात प्रथिन येते ते डाळीतून, आणि डाळीत निम्म्याहून अधिक पिष्ट; तेव्हा वरण-भात दोन्ही एकदम सुटतात, आणि त्यांची जागा पनीर, साजूक तूप, मलई व खोबरे यांना द्यावी लागते. आहारतज्ज्ञाने आखून दिलेला तक्ता भिंतीवर लावलेला असतो, आणि घरात इतरांसाठी भाताचा कुकर लागलेला असताना आई एका बाजूला पनीरचे तुकडे काट्यावर ठेवून त्यातला एखादा पुन्हा उचलून घेते.