शेतांच्या नावांत उरलेले १७९८चे आयरिश बंड

ब्रिटिश सत्तेविरुद्ध आयर्लंडमध्ये १७९८ साली झालेल्या बंडाची आठवण तिथल्या खेड्यांत शेतांच्या नावांनीही जपली आहे. ‘युनायटेड आयरिशमेन’ या संघटनेने हे बंड उभारले. फ्रेंच क्रांतिकारकांप्रमाणे केस बारीक कापणाऱ्या बंडखोरांना ‘क्रॉपी’ म्हणत. शब्द हेटाळणीचा, पण पुढे लोकांनी तो आपुलकीने वापरला. ‘क्रॉपीचे शेत’, ‘क्रॉपीची कबर’ ही नावे त्यातूनच आली.

वेक्सफर्डमध्ये बंडखोरांकडे मुख्यतः लांब दांड्याचे भाले होते. २१ जूनला व्हिनेगर हिलवर त्यांचा पराभव झाला. ऑगस्टमध्ये जनरल हंबर्ट सुमारे हजार फ्रेंच सैनिकांसह मेयोतील किलाला येथे उतरला. त्यामुळे त्या भागात हे वर्ष ‘फ्रेंचांचे वर्ष’ म्हणूनच ओळखले जाते. ८ सप्टेंबरला बॅलिनामक येथे सारे संपले. शरण आलेले फ्रेंच युद्धकैदी ठरले. त्यांच्या सोबतचे आयरिश मात्र शेतांत आणि दलदलीत कापले गेले.

या मृतांपैकी बहुतेकांची ना नोंद झाली, ना त्यांच्यावर दगड उभा राहिला. कुठे कोण पडले हे गावालाच ठाऊक होते. वाटेत खायला खिशात घेतलेले जव कबरीतून उगवले, ही दंतकथा याच आठवणींतली. टारा टेकडीवर तर लिआ फॉल हा प्राचीन दगडच क्रॉपींच्या कबरीची खूण म्हणून हलवला गेला, असे सांगतात.

एकोणिसाव्या शतकातील सरकारी मोजणीने ‘टाउनलँड’ या छोट्या भूविभागांची नावे नकाशावर आणली. एकेका शेताचे नाव सहसा वगळले. ती नावे घरातल्यांच्या तोंडीच राहिली. १९३७ ते १९३९ दरम्यान शाळकरी मुलांनी वडीलधाऱ्यांकडून लोककथा लिहून घेतल्या, तेव्हा अशा आठवणी वह्यांत उतरल्या.

अर्थात नाव म्हणजे पुरावा नव्हे. ‘क्रॉपीच्या कबरी’खाली सांगाडा सापडेलच असे नाही, आणि एकाच बंडखोराच्या कबरी दोन गावे सांगू शकतात. तरी कोणाला लक्षात ठेवायचे हे गावाने ठरवल्याची ती खूण असते. आता यंत्रांसाठी बांध पाडून शेते जोडली जातात, शेत विकले जाते. नव्या मालकाला जुने नाव कोणी सांगत नाही. म्हणून मीथसारख्या काउंटीत स्वयंसेवकांनी वयस्क शेतकऱ्यांना गाठून ही नावे नकाशावर उतरवली आहेत.