गस्त, पात्रता आणि संशय : मराठी मुलखातील नगररक्षकाच्या कर्तव्यसूचीचा विचार

१. प्रास्ताविक

राज्यकारभाराच्या वाङ्मयात 'कर्तव्यसूची' नावाचा एक प्रकार आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. अमुक अधिकारी कसा असावा आणि त्याने काय काय करावे हे सांगणारा हा मजकूर बहुधा कोरडा असतो. परंतु त्याची रचना पाहिली तर ती दोन भागांत पडते. एका भागात माणसाचे गुण येतात, दुसऱ्यात त्याची कामे. या दोन भागांचा परस्परसंबंध प्रत्येक काळात निराळा आहे, आणि त्या त्या काळाने परक्या माणसाकडे कसे पाहिले हे त्यातून उमगते. प्रस्तुत निबंधात गावात वा कसब्यात रात्री फिरणारा, वाटसरूला हटकणारा जो रक्षक, त्याच्यापुरता हा विचार मांडावयाचा आहे.

प्रारंभी एका शब्दाची नोंद करणे आवश्यक आहे. दिल्लीत 'कोतवाली' म्हटले की चांदणी चौकातील ठाणे डोळ्यांपुढे येते. १८६१ साली दिल्लीत जी पहिली ठाणी स्थापन झाली त्यांत ते होते. लक्ष्मीबाई नगरासारख्या, झाशीच्या मराठी राणीचे नाव मिरवणाऱ्या दिल्लीतील सरकारी वसाहतीत बदलीवर येऊन राहिलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबाला मात्र 'कोतवाल' या शब्दाने गावच्या तलाठ्याचा मदतनीस आठवतो. तोच दवंडी देणारा, नोटिसा पोचवणारा. एकाच शब्दाने एका प्रांतात शहराचा सर्वाधिकारी आणि दुसऱ्यात महसुलाच्या उतरंडीतील शेवटची पायरी दाखवावी, यामागे मोठी घडामोड आहे. 'कोट्टपाल' या संस्कृत शब्दापासून निघून फारसी दप्तरात स्थिरावलेला हा शब्द मराठीत चढला आणि उतरलाही.

२. तीन जुन्या सूची

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील 'नागरिक' हा अधिकारी या परंपरेचा आरंभबिंदू मानता येईल. त्याच्या हाताखाली गोप असतो. दहा, वीस वा चाळीस कुटुंबांची माहिती त्याने ठेवावयाची असते. घरी पाहुणा आला वा गेला तर यजमानाने वर्दी द्यावी, असा दंडक आहे. रात्री तूर्यनाद झाला की पुढच्या नादापर्यंत संचारबंदी. मात्र या बंदीला दिलेले अपवाद अधिक महत्त्वाचे आहेत. सुईण, वैद्य, प्रेतयात्रेला निघालेले, हाती दिवा असलेले, आगीकडे धावणारे, मुद्रापत्र बाळगणारे, आणि खेळ पाहायला निघालेले प्रेक्षक यांना अडवू नये असे शास्त्र सांगते. त्यापाठोपाठ रक्षकांसाठी एक सूत्र येते. ज्याला अडवू नये त्याला अडवणारा आणि ज्याला अडवावे त्याला सोडणारा, हे दोघे सारखेच दंडास पात्र. हा दंड संचारबंदी मोडणाऱ्याच्या दंडाच्या दुप्पट आहे.

अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त कोतवालावर स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे गुणांची यादी आधी येते. हा माणूस धडाडीचा, अनुभवी, चपळ असावा, तसाच विचारी, सोशिक, चाणाक्ष आणि दयाळूही असावा. मग कामे येतात. घरांची व वर्दळीच्या रस्त्यांची नोंद, मोहल्ल्यांची वाटणी, प्रत्येक मोहल्ल्यावर प्रमुख, आल्यागेल्याची रोजची खबर, अनोळखी प्रवाशांसाठी वेगळी सराई, रात्रीची खबरदारी. चोरीचा माल शोधून द्यावा, न मिळाल्यास जबाबदारी त्याची. 'चपळ' आणि 'सोशिक' हे शब्द या यादीत शेजारी बसले आहेत. रात्रीच्या अंधारात हे दोन गुण एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, याची ग्रंथकाराला जाण असावी असे वाटते.

तिसरी सूची पेशवाईतील पुण्याची. माधवराव पेशव्यांच्या काळातील कागदांवरून पुण्याच्या कोतवालाची कामे कळतात. पेठांतील महत्त्वाचे कज्जे निवडणे, रस्ते, बोळ व घरे यांचे तंटे मिटवणे, बाजारभावांवर नजर ठेवणे, जमिनीच्या खरेदी-विक्रीची नोंद, शिरगणती, शहरात येणाऱ्याजाणाऱ्यांची टिपणी, सरकारी कामाला मजूर पुरवणे आणि हिशेब सादर करणे. ही यादी वाचताना जाणवते ते असे की, आज ज्याला आपण पोलीस म्हणतो त्यापेक्षा हा अधिकारी नगरपालिकेच्या जवळचा आहे. गस्त हे त्याच्या अनेक कामांपैकी एक.

त्या गस्तीविषयी मराठ्यांच्या नोकरीत असलेल्या विल्यम टोनने अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. हा आयरिश क्रांतिकारक वुल्फ टोनचा भाऊ. रात्री तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला गस्तवाले धरीत आणि सकाळी कोतवाल सोडून देई. ही शिस्त इतकी कडक की अवेळी बाहेर पडलेल्या खुद्द पेशव्यालाही रात्रभर अडकून पडावे लागले होते, असे तो सांगतो. ही घटना घडली की नाही यापेक्षा ती सांगितली जात होती हे अधिक महत्त्वाचे. राजालाही न ओळखणारा पहारेकरी हा लोकमानसातील आदर्श रक्षक होता.

३. घाशीराम : सूचीचे विकृतीकरण

या आदर्शाची दुसरी बाजू म्हणजे घाशीराम सावळदास. १७७७ पासून पुण्याच्या कोतवालीवर असलेल्या या औरंगाबादकर गृहस्थाचा ऑगस्ट १७९१ मध्ये जमावाने दगडांनी ठेचून अंत केला. निमित्त झाले ते त्याच्या कोठडीत कोंडलेल्या तेलंग ब्राह्मणांचे. दाटीने गुदमरून त्यांतील अनेक जण मरण पावले. परप्रांतातून आलेल्या अनोळखी माणसांना संशयावरून कोंडणे हे कोतवालाच्या सूचीतलेच काम होते. त्यात उणीव होती ती अबुल फजलने सांगितलेल्या शेवटच्या गुणाची.

मोरोबा कान्होबा यांचे 'घाशीराम कोतवाल' हे पुस्तक १८६३ साली प्रसिद्ध झाले आणि विजय तेंडुलकरांचे त्याच नावाचे नाटक डिसेंबर १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. तेंडुलकरांनी आपले नाटक ऐतिहासिक नसल्याचे स्पष्ट केले होते, त्यामुळे त्याला इतिहासाचा पुरावा मानू नये. तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील गस्तीचे प्रसंग मोलाचे आहेत. तेथला कोतवाल रात्री वाटसरूंना अडवतो, घरांची दारे ठोठावतो आणि प्रत्येक गोष्टीचा परवाना मागतो. अर्थशास्त्रात मुद्रापत्र ही अडवणुकीतून सुटण्याची वाट होती. नाटकात परवाना हेच अडवणुकीचे साधन होते. कौटिल्याने प्रेक्षकाला संचारबंदीतून वगळले होते, तर तेंडुलकरांनी प्रेक्षकालाच त्या संचारबंदीचे दर्शन घडवले. तौलनिक अभ्यासकाने या दोन टोकांमधील अंतर मोजून पाहावे.

४. गावगाडा : जाणकार तोच संशयित

शहराबाहेर चित्र निराळे होते. गावची राखण रामोशी, महार, मांग, भिल्ल, बेरड अशा समाजांकडे असे. सभासदाच्या बखरीत गडांच्या घेऱ्याला रामोशी, परवारी, महार, मांग यांची वस्ती असल्याचे येते. या रक्षकांसाठी लिखित पात्रता नव्हती. त्यांची पात्रता म्हणजे रान, वाटा, पाणवठे आणि पावलांचे ठसे यांचे ज्ञान. चोरी झाली की रामोशाने माग काढावा, तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तेथील रक्षकाच्या हवाली करावा. माग आपल्याच हद्दीत हरवला तर नुकसानीची भरपाई करावी. मराठीतील 'माग काढणे' या वाक्प्रयोगामागे असे प्रत्यक्ष उत्तरदायित्व उभे आहे.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. चोरीची भरपाई ज्याच्यावर लादली जाते तो दुर्बल असेल तर भरपाई हा जुलूमच ठरतो. शिवाय माग काढण्याचे ज्ञान आणि माग लपवण्याचे ज्ञान एकच आहे, याची कुरबूर गावाच्या मनात सदैव असे. राखणदाराला दिलेला वाटा हे त्याच्या कामाचे वेतन की त्याने चोरी करू नये म्हणून दिलेली खंडणी, हा प्रश्न कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी विचारला. गावाने तो मोघमच ठेवला होता. ज्या मोघमपणावर हे नाते टिकून होते, तो नव्या राज्याला खपला नाही.

१८१८ नंतर किल्ल्यांचे पहारे संपले, अनेकांची वेतने व हक्क बुडाले. पुरंदरच्या परिसरातील रामोशी उमाजी नाईक यांचा उठाव या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. त्यांच्या पाठलागात सहभागी असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, रामोशी समाजावर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. रक्षकाचे ज्ञान आता रक्षकाविषयीच्या ज्ञानात रूपांतरित झाले. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि १९११ च्या कायद्याने जन्मालाच संशयाचे कारण ठरवले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड आणि रामोशी ही नावे आहेत. गावांनी ज्यांच्या हाती रात्र सोपवली होती त्यांचीच नावे या यादीत असावीत, ही आपल्या विषयातील सर्वांत बोलकी नोंद होय.

महारांच्या बाबतीत हे बंधन वतनाच्या रूपाने आले. १८७४ च्या वतन कायद्याने ही सेवा कायद्यात बांधली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. दिवसरात्र बांधील असलेल्या माणसाला निश्चित वेतन नाही आणि निश्चित कामही नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. वेगळ्या शब्दांत, कर्तव्यसूची नसणे हीच गुलामगिरी. मर्यादित सूची ही सत्तेला जशी उपयोगी, तशी सेवकालाही संरक्षक असते हे त्यांनी दाखवले.

५. पोलीस पाटील आणि शिपाई

वंशपरंपरागत पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे पद नव्याने घडवले आणि १९६८ च्या आदेशाने त्याची पात्रता ठरवली. वय २५ ते ४५, किमान शालेय शिक्षण, शारीरिक योग्यता, वाईट चालचलणूक नसणे. शिक्षणाची अट प्रारंभी सहावी उत्तीर्ण अशी होती, पुढे ती दहावीपर्यंत वाढली. त्याने शेती करावी, गावात धंदा करावा, पण बाहेरगावी पूर्णवेळ नोकरी करू नये. त्याची कामेही पाहण्याजोगी आहेत. गुन्ह्यांची स्थिती, गावचे आरोग्य आणि लोकांची सामान्य परिस्थिती दंडाधिकाऱ्याला कळवत राहणे, शांततेला बाध आणणाऱ्या गोष्टींची माहिती गोळा करणे, गुन्हे व उपद्रव रोखणे, पोलिसांना साहाय्य करणे. आरोग्य आणि गुन्हा एका वाक्यात आणणारी ही सूची जुन्या कोतवालाची आठवण करून देते.

याउलट शिपायाची पात्रता मोजमापाने ठरते. महाराष्ट्र पोलीस भरतीत बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. पुरुषांना १६५ सेंटिमीटर, स्त्रियांना १५५ सेंटिमीटर उंची लागते. अनुक्रमे १६०० आणि ८०० मीटर धावणे, गोळाफेक आणि त्यासोबत लेखी परीक्षा. या परीक्षेत गणित, सामान्यज्ञान व बुद्धिमापन यांच्या जोडीला मराठी व्याकरणही असते. समास आणि प्रयोग ओळखणे हे गस्तीच्या शिपायाच्या पात्रतेत मोडते, याचे भाषेच्या प्राध्यापकाला कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. व्याकरणाचे गुण मोजता येतात. समोरच्या माणसाचे बोलणे नीट ऐकून घेण्याची तयारी मोजण्याची सोय परीक्षेत नाही.

आणि गस्तीचे खरे काम ऐकण्याचेच आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाला पुढे महाराष्ट्र पोलीस अधिनियम असे नाव मिळाले. त्याचे कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या काळात संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्यासाठी आहे. तोंड झाकलेले असणे, घरफोडीची हत्यारे जवळ असणे, कुणाच्या घरात असूनही तेथे असण्याचे समाधानकारक कारण न सांगता येणे, हे त्यातले प्रकार. 'समाधानकारक कारण' म्हणजे एक कथन. मध्यरात्री हटकलेल्या माणसाला आपण कोण, कोठून आलो, कोठे चाललो हे अशा क्रमाने सांगावे लागते की ऐकणाऱ्याला ते पटावे. स्थानिक बोली येत नसलेला मजूर, पत्ता नसलेला भटका, घाबरून अडखळणारा मुलगा यांचे कथन फसते ते ते खोटे असते म्हणून नव्हे, तर त्याचा घाट ऐकणाऱ्याच्या परिचयाचा नसतो म्हणून.

६. समारोप

या सर्व सूची शेजारी ठेवल्या तर एक प्रवास दिसतो. आरंभी गुण आणि कामे एकत्र सांगितली जात आणि चुकीची जबाबदारी रक्षकावर असे. गावगाड्यात लिखित गुण नाहीसे होऊन परंपरागत ज्ञान उरले आणि भरपाईचा बोजा त्या ज्ञानाच्या धन्यावर पडला. आधुनिक काळात पात्रता मोजता येण्याजोगी झाली, निवड जातीच्या बंधनातून सुटली. हा निःसंशय मोठा लाभ आहे. मात्र त्याच काळात आपण निर्दोष असल्याचे कथन करण्याची जबाबदारी हळूहळू वाटसरूकडे सरकली.

विनाकारण त्रासदायक अटक करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद १९५१ च्या अधिनियमातही आहे, हे नोंदवले पाहिजे. परंतु कौटिल्याच्या सूत्रातील तराजू त्यात नाही. नको त्याला अडवणे आणि हवा त्याला सोडणे या दोन चुका तेथे एकाच वाक्यात, एकाच मापाने तोलल्या होत्या. सोडलेला चोर दप्तरात दिसतो. उगाच अडवलेला माणूस सकाळी घरी जातो आणि त्याची नोंद कोठेच उरत नाही. पुण्याच्या कोठडीतून सकाळी घरी न परतलेल्या तेलंग ब्राह्मणांची नोंद उरली, कारण ते मेले. कोणाला अडवू नये याचे ज्ञान ही गस्तीच्या शिपायाची पहिली पात्रता असली पाहिजे, आणि ती लिहून ठेवण्याइतकी जुनी आपली परंपरा आहे.