आपोआप भरणारी छर्‍याची बंदूक : तिची सनद, तिचें यंत्र व तिचें मोल

शस्त्रसंग्राहकाच्या हातीं एखादी बंदूक आली म्हणजे तिच्यावरील कारखान्याचें नांव वाचावयाचें, कोरीव काम पाहावयाचें व तेवढ्यावरून तिचें मोल करावयाचें, असा प्रघात पडून गेला आहे. आंतील मजकूर न वाचतां केवळ मुद्रा पाहून कागद अस्सल ठरविण्यासारखाच हा प्रकार होय. बारा बोअरच्या आपोआप भरणार्‍या बंदुकीविषयीं तर हा प्रघात विशेष फसवा ठरतो. शिकार आणि मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजी या दोन्ही कामांस चालेल व जिची किंमतहि आवांक्यांत असेल, अशी या जातीची बंदूक कोणती, हा प्रश्न अमेरिकेंत पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. त्याचें उत्तर नांव वाचून मिळत नाहीं, यंत्र वाचून मिळतें, हें आम्ही येथें दाखविणार आहों. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें दार बंद झालें आहे. तेव्हां शिकारीसंबंधानें पुढें जें येईल तें अमेरिकेपुरतें समजावें.

प्रथम दोन कामांतील भेद लक्षांत घेतला पाहिजे. उडत्या निशाणावर नेम धरण्याच्या खेळांत पूर्वीं जिवंत कबुतरें सोडीत. नंतर कांचेचे गोळे आले. आणि १८८० त सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्की यानें मातीच्या तबकडीचें पेटंट घेतलें. पुढें १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्‌समधील अँडोव्हर येथें चार्ल्स डेव्हिस यानें शिकारीच्या सरावासाठीं जो खेळ बसविला, त्यास १९२६ त ‘स्कीट’ हें नांव मिळालें. शिकारी दिवसाकाठीं थोडेच बार काढतो, पण त्याचें काडतूस भारी असतें. तबकडीवाला एका बैठकींत शंभर बार काढतो, पण त्याचीं काडतुसें चोवीस ते बत्तीस ग्रॅम छर्‍यांचीं, म्हणजे हलकीं. आपोआप भरणारी बंदूक ही बाराच्या जोरावरच रिकामें काडतूस बाहेर टाकते व नवें आंत घेते. चाप मात्र प्रत्येक बारास निराळा ओढावा लागतो. जोर कमी पडला तर ती अडते, अधिक झाला तर स्वतःसच मोडते. या जातीच्या बंदुकीचा सारा इतिहास या एका अडचणीचा इतिहास आहे.

या बंदुकीचा कर्ता यूटा प्रांतांतील ऑग्डेन गांवचा जॉन मोझेस ब्राउनिंग. त्याचें ६,५९,५०७ क्रमांकाचें अमेरिकन पेटंट ९ ऑक्टोबर १९०० चें आहे. पेटंट म्हणजे मुदतीची सनदच. ती घेऊन तो आपल्या जुन्या विंचेस्टर कंपनीकडे गेला. परंतु प्रत्येक बंदुकीमागें हक्काची रक्कम मिळावी ही त्याची अट कंपनीनें मानली नाहीं. नंतर तो रेमिंग्टनकडे गेला, तों ८ जानेवारी १९०२ रोजीं भेटीची वाट पाहत असतांनाच तेथील अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचें निधन झाल्याचें त्यास कळलें. तेव्हां समुद्र ओलांडून तो बेल्जममधील एर्स्ताल येथील फाब्रीक नास्योनाल या कारखान्याकडे गेला व त्याच वर्षीं करार झाला. हीच पुढें ‘ऑटो-५’ म्हणून प्रसिद्धीस आली. १९०५ पासून रेमिंग्टननेंहि त्याच सनदेखालीं ती काढली. तिला पुढें ‘मॉडेल ११’ हें नांव पडलें.

विंचेस्टरनें आपली निराळी बंदूक १९११ त बाजारांत आणली. ब्राउनिंगच्या पेटंटाचा मसुदा विंचेस्टरच्याच टी. सी. जॉन्सन यानें इतका पक्का केला होता, कीं पुढें त्यालाच त्यांतून वाट काढणें कठीण गेलें, अशी आख्यायिका आहे. ती बाजूस ठेवली तरी खुद्द बंदुकीची साक्ष पुरेशी आहे. ब्राउनिंगच्या बोल्टास हाताची मूठ आहे. जॉन्सनच्या बंदुकीस ती नाहीं, नळीच मागें ओढून ती भरावी लागे. कागदी काडतूस फुगून अडकलें म्हणजे लोक दस्ता जमिनीवर टेकून नळी खालीं दाबीत आणि तोंड आपल्याच तोंडाकडे असतांना बार उडे. यामुळें तिला ‘विधवा करणारी’ असें नांव मिळालें. ती १९२५ पर्यंत निघाली. नांव मोठें, परंतु यंत्र सनदेच्या कुंपणाबाहेर राहण्याकरितां वांकडें केलेलें. अशी बंदूक संग्रहीं ठेवावी, वापरूं नये.

आतां ऑटो-५ चें यंत्र पाहूं. बार होतांच नळी व बोल्ट एकमेकांस जखडलेल्या स्थितींत काडतुसाच्या लांबीपेक्षां अधिक मागें येतात. मग नळी पुढें जाते, रिकामें काडतूस बाहेर पडतें, व शेवटीं बोल्ट नवें काडतूस घेऊन पुढें जातो. हा धक्का आवरण्यासाठीं काडतुसांच्या नळीवर कमान असून तिच्यापुढें कांशाचा घर्षणतुकडा व एक पोलादी कडें असतें. भारी काडतुसांस तें कडें कमान व घर्षणतुकडा यांच्यामध्यें ठेवावयाचें. हलक्यांस तें काढून कमानीच्या मागें ठेवावयाचें. जुन्या मालकाबरोबर ही माहिती गेली, कडें जागच्या जागीं राहिलें, व नव्या मालकानें भारी काडतुसें उडविलीं, म्हणजे नळीखालचें लांकूड तडकतें. उलट झालें तर बंदूक अडते व तिला उगाच दोष लागतो. एका कड्याची जागा हाच येथें पाठभेद होय.

बंदूक स्वस्त झाली ती हलक्या लांकडानें नव्हे, बनावटीच्या पद्धतीनें. ऑटो-५ चे भाग पोलादांतून कोरून, हातानें जुळवून केलेले असत. १९४९ त रेमिंग्टननें मॉडेल ११-४८ काढलें, तेव्हां दाबयंत्रावर पत्र्याचे भाग काढून व तेच भाग दुसर्‍या बंदुकींत योजून खर्च उतरविला. पुढील पायरी वायूची. नळीला बारीक छिद्र ठेवून दारूचा थोडा वायु खालच्या दट्ट्यावर घ्यावयाचा, ही योजना १९५० नंतरच्या दशकांत विक्रीच्या बंदुकींत आली, आणि १९६३ च्या रेमिंग्टन ११०० नें ती घरोघर नेली. हिचा धक्का खांद्यास मऊ लागतो, म्हणून शंभर बार काढणार्‍या तबकडीवाल्यांनीं ती उचलली. मात्र दारूची काजळी दट्ट्यावर बसते, रबराचें कडें झिजतें, व साध्या आणि मॅग्नम नळ्यांचीं छिद्रें निराळीं असल्यानें नळी बदलतांना काडतूसहि तपासावें लागतें.

तिसरी तर्‍हा इटलींतील ऊर्बिनो येथें १९६७ त स्थापन झालेल्या बेनेल्ली कारखान्याची. तींत ना नळी सरकत, ना वायु घेतला जात. बोल्टाच्या जडत्वानें दबलेली लहानशी जाड कमान सारें काम करते. भाग थोडे, काजळी थोडी. परंतु फार हलकें काडतूस तिला पुरेसा धक्का देत नाहीं. या तत्त्वावरील स्टोगर २००० ही तुर्कस्तानांत तयार झालेली बंदूक अमेरिकेंत बेताच्या किंमतींत विकली गेली. कल्पना एका देशाची, कारागिरी दुसर्‍याची, गिर्‍हाईक तिसर्‍याचें. १९०२ च्या कराराचाच हा नवा अवतार.

शिकारीच्या कायद्यांचाहि मोलाशीं संबंध आहे. पेनसिल्व्हेनियानें १९०७ त अशा बंदुकीनें शिकार करण्यास बंदी केली होती. स्थलांतरी पक्ष्यांसाठीं १९३५ पासून तीनच काडतुसांची मर्यादा असल्यामुळें अधिक काडतुसें मावणें यास तेथें अधिक किंमत देण्यांत अर्थ नाहीं. आणि १९९१ पासून बदकांच्या शिकारींत शिशाच्या छर्‍यांस सर्वत्र मनाई झाली. जुन्या बेल्जियन नळ्या पोलादी छर्‍यांसाठीं केलेल्या नाहींत, तेव्हां बदकांकरितां घेतलेली सुंदर जुनी ऑटो-५ दुसर्‍या नळीच्या खर्चासह महाग पडते.

यावरून आमचा निर्णय असा. तबकड्या अधिक व शिकार थोडी असेल त्यानें वायूची बंदूक घ्यावी व ती नियमानें साफ करावी. चिखलपाण्यांत शिकार अधिक असेल त्यानें जडत्वाची घ्यावी, परंतु आपलें सर्वांत हलकें काडतूस तींत आधीं चालवून पाहावें. जुनी ऑटो-५ किंवा मॉडेल ११ मिळाल्यास आधीं ती रिकामी असल्याची खात्री करावी. मग काडतुसाच्या घराची लांबी वाचावी, कारण युरोपांतील कित्येक जुन्या नळ्या सत्तरऐवजीं पासष्ट मिलिमीटरच्या काडतुसाच्या आहेत. पुढील लांकूड काढून कड्याची जागा पाहावी व लांकडाची तड तपासावी. इतकें वाचून झाल्यावर मग कारखान्याचें नांव वाचण्यास हरकत नाहीं.