पाथरीला कशाला जायचे?

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक चकलीची भाजणी आणि दुसरी सुट्टीत कोठे जावयाचे याची चर्चा. ही चर्चा वर्षानुवर्षे त्याच वाटेने जाते. थंड हवा हवी असेल तर महाबळेश्वर, समुद्र हवा असेल तर कोकण, लेणी पाहावयाची तर वेरूळ-अजिंठा आणि पुण्य हवे असेल तर पंढरपूर. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे नाव या चर्चेत कोणी काढत नाही; आणि काढलेच तर घरातली माणसे विचारतात, “पाथरीला कशाला? तेथे आहे काय?”

हा प्रश्न गैर नाही. त्याला सरळ उत्तर द्यावयाचे तर डोळ्यांना सुखावणारे पाथरीत फारसे काही नाही. हे तालुक्याचे गाव आहे. कल्याणहून निर्मळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग त्याच्यातून जातो, आणि माजलगावहून मानवत-परभणीकडे निघालेला प्रवासी फार तर चहापुरता तेथे थांबतो. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामच्या राज्यात मनमाडहून सिकंदराबादकडे लोहमार्ग गेला, तोही सेलू आणि मानवत रोड या स्थानकांवरून. पाथरी बाजूलाच राहिली. गावाभोवती कापसाची काळी रान आणि पैठणच्या धरणातून आलेल्या कालव्याच्या पाण्यावर वाढणारा ऊस. डोंगर नाही, किल्ला नाही, राजवाडा नाही. गावाच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते, पण तीही येथे नाशिकसारखी गावाच्या मांडीवर बसलेली नाही; तिच्याकडे वाट वाकडी करून जावे लागते.

मग कशाला जायचे? माझे म्हणणे असे आहे की दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस या गावाला जरूर द्यावेत; मात्र जाताना पाथरीचा इतिहास बरोबर घेऊन जावे, कारण तो तेथे दगडांत मांडून ठेवलेला नाही.

पाथरीचे संस्कृत ग्रंथांतले नाव पार्थपूर. गोदावरीच्या उत्तरेचे हे गाव सोळाव्या शतकात ज्योतिषशास्त्राचे एक नामांकित ठाणे होते. येथल्या ज्ञानराज नावाच्या पंडिताने 1503च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ 1150 सालचा. त्याच्यानंतर साडेतीनशे वर्षांनी पुन्हा एकदा ग्रहगणिताचा समग्र सिद्धान्तग्रंथ रचण्याची उमेद कोणी धरली, तर ती या आडगावातल्या माणसाने. पुराणांतली सपाट पृथ्वी आणि ज्योतिषांची गोल पृथ्वी यांचा मेळ कसा घालावा, हा त्याच्यापुढचा मोठा प्रश्न होता. आणि तो टाळून न जाता त्याने त्यावर डोके झिजविले. विशेष म्हणजे या रुक्ष गणिताच्या ग्रंथात त्याने सहा ऋतूंचे काव्यमय वर्णनही घातले आहे. त्यात शरदही आला. तेव्हा दिवाळीच्या दिवसांत, पाऊस नुकताच उघडला आहे, तूर उभी आहे, कापसाची पहिली वेचणी चालू आहे आणि रब्बीच्या ज्वारीची पेरणी होत आहे अशा वेळी पाथरीला जाणे हे त्या ज्योतिषालाही पटले असते.

ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास बापाहून वरचढ निघाला. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर त्याने 1538 साली ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली आणि ‘लीलावती’वर 1541 साली ‘गणितामृतकूपिका’. कोलब्रूक या इंग्रज पंडिताने 1817 साली भास्कराचार्यांचे गणित लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले, तेव्हा ज्या टीकांचा त्याने आधार घेतला त्यांत या सूर्यदासाची टीका होती. याच सूर्यदासाने एक ‘विलोमकाव्य’ रचले. त्यातला श्लोक सरळ वाचावा तर रामकथा, आणि शेवटच्या अक्षरापासून उलट वाचत यावे तर कृष्णकथा! ज्ञानराजाचा शिष्य ढुंढिराज याचा ‘जातकाभरण’ हा ग्रंथ तर आजही पत्रिका पाहणाऱ्यांच्या हाती असतो. बाप, मुलगा, शिष्य असे एका गावातले तीन ग्रंथकार, आणि त्या गावात आज त्यांच्या घराची खूण दाखविता येत नाही.

याच गावाची दुसरी कथा तलवारीची आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशाह बहमनीच्या फौजेने विजयनगरावर स्वारी केली, तीत भैरू नावाच्या ब्राह्मणाचा तिमाप्पा नावाचा लहान मुलगा पकडला गेला. तो मुसलमान झाला, त्याचे नाव हसन पडले, शहाजाद्याबरोबर तो फारसी-अरबी शिकला आणि पुढे चढत चढत बहमनी राज्याचा मुख्य वजीर झाला. हाच मलिक हसन निजामुल्मुल्क. त्याचा मुलगा मलिक अहमद याने 1490 साली स्वतंत्र होऊन निजामशाही स्थापन केली आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) वसविले. या घराण्याचे मूळ पाथरीचे. तेथले कुळकर्ण त्यांच्याकडे होते. ही हकीकत फेरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे, आणि तो विजापुरास जाण्यापूर्वी स्वतः निजामशाहीच्या चाकरीत होता.

सुलतानपद मिळाले, तरी कुळकर्ण सुटेना. पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. निजामशाहाचे ब्राह्मण भाऊबंद नगरला येऊन राहिले होते आणि आपले वतन परत मिळावे असा त्यांचा आग्रह होता. नगरकरांनी इमादशाहाला निरोप धाडला की पाथरी आम्हाला द्या, बदल्यात याहून अधिक उत्पन्नाचा मुलूख घ्या. इमादशाहाने नकार दिला आणि पाथरीला कोट बांधावयास घेतला. तेव्हा 1518 साली बुऱ्हाण निजामशाहाने चढाई करून पाथरी घेतली. पुढे इमादशाहाने गोवळकोंड्याच्या मदतीने ती परत जिंकली. बुऱ्हाण बेदरच्या बरीदाला सोबत घेऊन पुन्हा आला, तोफांनी कोट पाडून जमीनदोस्त केला आणि गाव आपल्या ब्राह्मण नातलगांना देऊन टाकले. यातली आणखी एक गंमत अशी की इमादशाही स्थापन करणारा फत्तेउल्लाही विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला हिंदू मुलगा होता. म्हणजे दोन सुलतानी घराणी, दोघांचेही मूळ हिंदू, आणि भांडण कशाचे, तर कुळकर्णाचे! मराठी मुलखातले वतनाचे वेड किती खोल गेलेले आहे हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने पाथरीचे हे प्रकरण वाचावे. बखरीतली कित्येक भाऊबंदकी त्याच्यापुढे फिकी पडेल.

आता ही दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहा. 1518 साली पाथरीवर पहिली चढाई झाली तेव्हा सूर्यदास सुमारे दहा वर्षांचा पोर होता. ज्या गावासाठी दोन सुलतान झुंजत होते त्या गावच्या घराण्यात हा मुलगा अंकगणित गिरवीत मोठा झाला, आणि कोट पडून दहा-बारा वर्षे झाली नाहीत तोच त्याचे बीजगणितावरचे भाष्य पुरे झाले. कोट गेला, भाष्य उरले.

तरीही पाथरीची सुटका झाली नाही. 1596 साली चांदबिबीने मोगलांशी तह करून वऱ्हाड सोडून दिले. वऱ्हाडात पाथरी येते की नाही यावर लगेच वाद माजला. मोगलांनी ती बळकावली आणि तह मोडण्याचे ते एक कारण झाले. 1597च्या फेब्रुवारीत पाथरीपासून बारा कोसांवर आष्टीजवळ तुंबळ युद्ध झाले. एका बाजूला सुहेलखानाच्या हाताखाली दख्खनी फौजा, दुसऱ्या बाजूला खानखानान अब्दुर्रहीम. ज्याचे दोहे उत्तर हिंदुस्थानातली मुले शाळेत पाठ करतात तोच हा रहीम. खानदेशचा राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढताना तेथे पडला. विजय रहीमचा झाला. पुढे अबुल फजलच्या ‘आइने अकबरी’त पाथरी ही वऱ्हाड सुभ्यातली एक ‘सरकार’ म्हणून नोंदलेली दिसते. ‘सरकार’ म्हणजे आजच्या भाषेत जवळजवळ जिल्हा. त्या मानाने आज ती तालुक्यावर आली आहे.

या सगळ्याचा अर्थ काय? मला तो असा दिसतो. गोदावरीचे हे खोरे माणसे जन्माला घालणारे आहे, ठेवून घेणारे नाही. जनाबाई गंगाखेडची, पण ती ओळखली जाते पंढरपूरची म्हणून. समर्थ रामदास जांबचे, पण लोक त्यांना पाहावयास सज्जनगडावर जातात. नामदेवांचे गाव परंपरेने नरसी मानले जाते. त्यांचीही पंढरी झाली. पाथरीच्या कुळकर्ण्याच्या वंशजांनी राजधानी वसविली ती नगरला, आणि पाथरीच्या वाट्याला आला पाडलेला कोट. आपण सुट्टीत जातो ते या माणसांनी जेथे बांधले तेथे. ती जेथून निघाली तेथे आपण जात नाही. देखणेपणा नेहमी पोचण्याच्या ठिकाणी साठतो, निघण्याच्या ठिकाणी नाही.

आणि जन्मस्थानाचे भांडण पाथरीने अलीकडेही पाहिले. शिर्डीचे साईबाबा मूळचे पाथरीचे अशी एक परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे त्यांचे मंदिरही उभे राहिले. 2020च्या जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा केली, तेव्हा शिर्डीकर संतापले आणि 19 जानेवारीला त्यांनी गाव बंद ठेवले. बाबांनी स्वतः आपले गाव, जात, धर्म यांविषयी लोकांना कधी धड पत्ता लागू दिला नाही. त्यांच्या भक्तांनी मात्र त्यावरून दोन गावे समोरासमोर उभी केली. खरे काय हे पुराव्याने ठरावे. बंदने किंवा घोषणेने ते ठरत नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाला एवढे म्हणता येईल की पाथरीचे मोठेपण या एका निकालावर मुळीच अवलंबून नाही. निकाल कसाही लागला तरी ज्ञानराज, सूर्यदास आणि भैरूचा हसन यांना कोणी शिर्डीला नेऊ शकत नाही. शंभर कोटींतले थोडे पैसे त्या दोघा ज्योतिषांच्या नावाने एखादे ग्रंथालय उभे करण्यास खर्ची पडावेत, एवढीच माझी सूचना आहे.

तेव्हा ज्याला नौकाविहार हवा आहे त्याने पाथरीला जाऊ नये. त्याचा हिरमोड होईल. पण ज्याच्या घरात आठवी-नववीतली मुले आहेत त्याने अवश्य जावे. मानवत रोडला किंवा सेलूला गाडीतून उतरावे, एस. टी. धरावी. एक दिवस गावात हिंडावे, बाजारात बसावे, दर्गा, मशीद, देवळे आणि जुने वाडे एकमेकांना खेटून कसे उभे आहेत ते पाहावे. दुसऱ्या दिवशी गोदाकाठी गुंजला जावे, किंवा नदीच्या पात्रात उभे असलेले मुद्गलेश्वराचे देऊळ पाहावे. पावसाळ्यात पुराखाली जाणारे ते देऊळ दिवाळीपर्यंत बहुधा पुन्हा डोके वर काढते. रात्री गच्चीवर मुलांना घेऊन आकाश दाखवावे. शरदातले आकाश धुऊन ठेवल्यासारखे स्वच्छ असते. पाचशे वर्षांपूर्वी याच गावात एक माणूस याच ताऱ्यांचे गणित मांडीत होता, एवढे त्यांना सांगावे. आणि मग त्यांनी विचारलेच, की त्याचे घर कोणते, तर खरे ते सांगावे, की आपण ते सांभाळले नाही.