दिनविशेष : ७ जून – जीन हार्लो आणि तिचा चरित्रकार

१९३७ साली आजच्या दिवशी, ‘साराटोगा’ या चित्रपटाचे काम अपुरे असतानाच, हॉलिवूडची विख्यात तारका जीन हार्लो वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने लॉस एंजेलिस येथे निवर्तली. तिच्या मातेने धर्मश्रद्धेपायी तिला वैद्यकीय उपचार मिळू दिले नाहीत, ही वदंता पुढे अनेक दशके निर्वेधपणे चालत राहिली. या वदंतेचे निराकरण केले ते ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या पोलीस ठाण्यावरील दूरचित्रवाणी मालिकेच्या लेखकांपैकी एक असलेल्या डेव्हिड स्टेन यांनी; १९९३ च्या ‘बॉम्बशेल’ या चरित्रात वैद्यकीय दप्तर धुंडाळून, हार्लोवर डॉक्टरांचे उपचार चालू होते, हे त्यांनी दाखवून दिले. तत्पूर्वी १९८८ मध्ये मूकपटांची नायिका क्लारा बो हिच्यावरील किटाळही त्यांनी तिचे चरित्र लिहून असेच दूर केले होते. नटनट्यांची चरित्रे बहुधा बाजारगप्पांवर पोसली जातात, स्टेन यांचा पिंड मात्र चौकशी अंमलदाराचा. हार्लोविषयीचे संशोधन चालू असतानाच, १९३७ मधील एका नर्तकीवरील अत्याचाराचे, हॉलिवूडच्या एका स्टुडिओने दडपलेले प्रकरण त्यांच्या हाती लागले, आणि त्यावरील त्यांचा ‘गर्ल २७’ हा माहितीपट २००७ मध्ये प्रदर्शित झाला.