गुर्ज : चिलखतावर मात करणारे बोथट शस्त्र

तलवारीची धार आणि कट्यारीचे टोक जेथे निष्प्रभ ठरे, तेथे मध्ययुगीन स्वार गुर्ज हाती घेत असे. गुर्ज हा शब्द फारसी असून, हे शस्त्र गदेच्याच कुळातले आहे.

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग आणि परंडा हे किल्ले बहमनी काळापासून दख्खनच्या सत्तास्पर्धेत होते. बहमनी, निजामशाही, आदिलशाही व मोगल या सत्तांच्या सैन्यांत चिलखत व शिरस्त्राण धारण करणारे स्वार असत. चिलखत म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या लोखंडी कड्यांचा अंगरखा. त्याची उपयुक्तता १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी दिसून आली. तुळजापूरमार्गे चालून आलेल्या अफझलखानाने भेटीत केलेला कट्यारीचा वार शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली घातलेल्या चिलखतामुळे वाया गेला.

आघाताचे तत्त्व

कड्यांचे चिलखत धार अडवते, पण ते लवचिक असल्यामुळे जोरदार आघात पुरता थोपवू शकत नाही. चिलखत न फाटताही आतले हाड मोडते. शिरस्त्राणाचा पत्रा शाबूत राहिला तरी डोक्याला बसलेल्या हादऱ्याने योद्धा भोवंडून जातो. त्यामुळे डोके, खांदा व शस्त्र धरणारा हात ही गुर्जाची मुख्य लक्ष्ये होत. हा मार सौम्य करण्यासाठी चिलखताखाली जाड, कापूस भरलेले वस्त्र घालीत.

गुर्जाचे बहुतेक वजन टोकाच्या गोळ्यात एकवटलेले असते. काही गुर्जांना गुळगुळीत गोळ्याऐवजी उभ्या पाकळ्या असत. सहा पाकळ्यांच्या प्रकारास ‘शशपर’ म्हणत. पाकळीच्या अरुंद कडेवर सारा जोर एकवटतो आणि शिरस्त्राणाच्या गोलाईवरून घाव सहसा घसरत नाही. अनेक भारतीय गुर्जांना खांड्यासारखी, हाताला संरक्षण देणारी मूठ आढळते. चित्रपटांतील अवजड गदेच्या तुलनेत खरा गुर्ज बराच हलका असे. धावत्या घोड्यावरून तो एका हाताने फिरवावा लागे.

युरोपातही हाच अनुभव आला. १४१५ च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत चिखलात रुतलेल्या चिलखतधारी फ्रेंच सरदारांवर इंग्रज तिरंदाजांनी मोगरींचे घाव घातले.

मर्यादा आणि अस्त

गुर्जाची पोच कमी, त्याने भोसकता येत नाही आणि चिलखत नसलेल्या शत्रूसमोर चपळ तलवारच सरस ठरते. म्हणून तो स्वाराचे मुख्य शस्त्र न राहता जोडशस्त्र राहिला. पुढे तोफा-बंदुकांपुढे चिलखताचेच महत्त्व ओसरले. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली सुमारे ५५ टन वजनाची ‘मलिक-ए-मैदान’ तोफ परंड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली. अशा तोफांच्या माऱ्यापुढे कड्यांच्या अंगरख्याचा निभाव लागणे शक्य नव्हते. मराठ्यांच्या हलक्या, वेगवान घोडदळाचा भरही जड चिलखतापेक्षा चपळाईवर होता.

चिलखत मागे पडले तसे गुर्जाचे रणांगणातील प्रयोजन संपत गेले. सत्तेचे चिन्ह म्हणून मात्र तो टिकला. मोगल दरबारात बादशाही हुकूम पोहोचविणाऱ्या सेवकांना ‘गुर्जबरदार’ म्हणत. त्यांच्या हातातील गुर्ज हीच त्यांच्या अधिकाराची खूण होती.